मैत्रिणीबरोबर भूमध्य समुद्रात सात रात्री: आठ महिन्यांनंतर

हॉस्टेलमधली माझी मैत्रीण बावीस वर्षं जर्मनीत आहे. ती भारतात आली की आमची भेट कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या रांगेत. म्हणून ठरवलं, दोघींनाही पळ काढता येणार नाही अशा जागी जायचं: जहाजावर, क्रूझला. क्रेडिट कार्डाचे हप्ते आता फिटलेत, तेव्हा खरं काय ते लिहिते.

जिनोव्हाहून निघालो. नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा, एक अख्खा दिवस पाण्यात, मग बार्सिलोना, मार्सेय आणि परत. सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे मला व्हिसा एकच लागला. बंदरं इटलीत जास्त, म्हणून इटलीचा काढला.

रोज नवं गाव, हे जाहिरातीत छान दिसतं. प्रत्यक्षात डोळे सतत घड्याळाकडे. नेपल्सहून लोकलने पॉम्पेई गाठलं, इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या गल्ल्या पाहिल्या. परतीची गाडी उशिरा आली आणि पन्नाशीच्या दोन बायका धक्क्यावरून जिवाच्या आकांताने धावल्या. दिवसभरात धड चार वाक्यं बोललो नसू. मेसिनाला मात्र लांब कुठे गेलोच नाही. कॅथेड्रल बंदरातून चालत जाण्याइतकं जवळ. तिथल्या मनोऱ्यावर 1933 चं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बारा वाजता सोनेरी सिंह डरकाळी फोडतो, मग कोंबडा आरवतो. डरकाळी ऐकून ही म्हणाली, "अगं, रेक्टरबाई!" हसून हसून बाकावर बसावं लागलं.

पैसे वसूल झाले ते व्हॅलेटा सुटल्यानंतरच्या दिवशी. कुठे उतरायचं नाही, पोहोचायचं नाही. बुफेतून नुसता पांढरा भात आणला, त्यावर लोण्याच्या दोन चिमुकल्या वड्या आणि मी नेलेलं मेतकूट. सावलीतल्या खुर्च्यांवर बसून प्लेटा कधीच्या रिकाम्या झाल्या, हात वाळले, तरी उठलो नाही. तिच्या आईच्या शेवटच्या महिन्यांबद्दल ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. फोनवर ते कधी निघालंच नव्हतं.

तक्रारी आहेतच. स्वस्त म्हणून बिनखिडकीची केबिन घेतली. आत दिवस-रात्र कळत नाही आणि दोघींपैकी एक घोरते (मी नाही). पुन्हा गेले तर बाल्कनीच घेईन. माणशी रोजचा सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लागतो आणि जेवताना पाण्याच्या बाटलीचेही पैसे पडले. सगळ्यात मोठा फटका मात्र फोनचा. समुद्रात फोन आपसूक जहाजाचं नेटवर्क पकडतो, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये धरलेलं नव्हतं. चढल्याबरोबर एअरप्लेन मोड लावा.

शो, कॅसिनो, पाण्याच्या घसरगुंड्या यांवर मत नाही, तिकडे फिरकलोच नाही.

आता ती नॉर्वेचं म्हणतेय. मी विचारलं, त्यात नुसते पाण्यातले दिवस किती, ते आधी सांग.