पिवळी चाकं पांढरी करून देतो म्हणाला आणि चाकंच बदलून पाठवली

जुन्या बीएमएक्स सायकलची पिवळी पडलेली पांढरी मॅग चाकं (तारांऐवजी जाड प्लास्टिकच्या स्पोकची, साच्यातून काढलेली) कुणाकडे 'रिस्टोर' करायला पाठवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. हसायचं असेल तर खुशाल हसा, आमच्या घरचे हसून दमले आहेत. पण पैसे पाठवू नका, आणि चाकं तर अजिबात पाठवू नका.

एकूण ६७२ डॉलर १५ सेंट गेले. हिशेब असा: चाकांची जोडी ३४० ला घेतली होती. ती पांढरी करून देतो म्हणणाऱ्या माणसाकडे पाठवायचं कुरिअर ३८.६५. ॲडव्हान्स १६०. मध्येच 'डाग फार खोल आहेत' म्हणून ८५. आणि शेवटी परतीच्या पार्सलचा विमा म्हणून ४८.५०. तो विमा त्याने कधी उतरवलाच नव्हता, हे कुरिअर कंपनीला फोन केल्यावर कळलं.

चाकं कोणती? स्कायवे टफ व्हील टू, पांढरी, वीस इंची, पाच स्पोकची, ऐंशीच्या दशकातली. कॅलिफोर्नियातल्या रेडिंगची ही कंपनी आजही तीच चाकं नव्याने बनवते, त्यामुळे 'नवीन घे की' हा सल्ला कृपया कुणी देऊ नका. आमच्या हिने तो देऊन झालाय. ज्याला जुन्या फ्रेमवर त्याच काळातली चाकं हवीत त्याला नव्या चाकांचं कौतुक सांगून उपयोग नसतो.

ही चाकं काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात. इथेच सगळी मेख आहे. जुने कॉम्प्युटर आणि गेमचे डबे पिवळे पडतात ते एबीएस प्लास्टिक. त्यांच्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाची 'रेट्रोब्राइट' पद्धत २००८ च्या सुमारास निघाली, आणि मग प्रत्येकाला वाटायला लागलं की कुठलंही पिवळं प्लास्टिक उन्हात ठेवलं की पांढरं होतं. नायलॉनवरही फरक पडतो, नाही असं नाही. केसांच्या रंगाबरोबर मिळणारी चाळीस व्हॉल्यूमची क्रीम, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, चाकाला फासून वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळून उन्हात ठेवणारे बरेच आहेत. पण क्रीम जिथे वाळते तिथे ढगाळ पट्टे उमटतात, ब्रेकच्या रबराचा काळा पट्टा जात नाही, टायरचं रबर वर्षानुवर्षं टेकून आत मुरलेला तपकिरी डाग तर नाहीच नाही. शिवाय पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. नायलॉन डाय पटकन पितं, म्हणून पिवळं पडलेलं चाक डाय करून काळं किंवा निळं करणं सोपं. पांढरं करणं हेच अवघड काम.

हे सगळं मला माहीत होतं. मुद्दाम सांगतोय, कारण 'जरा अभ्यास करायचा होतास' हे वाक्य मी आता अनेकांच्या तोंडून ऐकलंय. अभ्यास केला होता म्हणूनच फसलो. एका फुटक्या चाकावर क्रीम लावून पाहिली होती, पट्टे उमटले, आणि म्हणूनच चांगल्या जोडीला हात लावायची हिंमत झाली नाही. तेव्हा वाटलं, हे काम जाणकाराकडे द्यावं.

आणि हा माणूस जाणकार होता, हेच तर दुखतं. पहिल्याच बोलण्यात त्याने विचारलं, "क्लोरीनचं ब्लीच तर लावलं नाहीस ना? नायलॉनची वाट लागते त्याने." बरोबर. मग म्हणाला, टायरखालचे डाग शंभर टक्के जाणार नाहीत, आधीच सांगतो, नंतर भांडायला येऊ नकोस. तेही बरोबर. सँडपेपर मारायचा नाही, वरचा थर गेला की काचेचे तंतू उघडे पडतात आणि पृष्ठभाग केसाळ दिसतो, हेही त्यानेच सांगितलं. जो माणूस काय होणार नाही ते आधी सांगतो त्याच्यावर विश्वास बसतोच. तुमचाही बसला असता.

बाकीची पद्धत तुम्हाला ठाऊक असलेलीच. भरवशाचा माणूस, वाजवी दर, आधीच्या गिऱ्हाइकांचे फोटो, मग अर्ध्यात वाढीव खर्च, मग उशीर, मग आजारपण. त्यात नवीन काही नाही. नवीन होतं ते फोटोंचं प्रकरण, आणि त्यावरून माझा स्वतःवरचा राग अजून उतरलेला नाही.

माझ्या मागच्या चाकावर, व्हॉल्व्हच्या भोकाच्या उजवीकडे, रिमच्या कडेला एक खोक होती. नखाएवढी, तिरकी, कधीतरी फुटपाथच्या कडेवर आपटून पडलेली. घेताना मी त्याच खोकेवरून घासाघीस करून दहा डॉलर कमी करवले होते, म्हणजे ती मला चांगलीच माहीत होती. काम सुरू झाल्यावर त्याने 'प्रोसेसमधला' फोटो पाठवला. मागचं चाक, अर्ध पांढरं, अर्ध पिवळट, व्हॉल्व्हचं भोक बरोबर समोर. खोक नाही. कड सरळ, अखंड.

आता सांगा, पेरॉक्साइडने रंग उडतो, खड्डा कुठे भरतो? फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. खोक नाही हे दिसलं. मनात आलं, उजेड वरून पडला असेल, सावली पडली नसेल, क्रीम साचली असेल खाचेत. चक्क मीच त्याच्या वतीने कारणं शोधत बसलो. आणि 'वा, मस्त दिसतंय' असा मेसेज टाकून वरचे ८५ डॉलर पाठवले. त्याच फोटोत ब्रेकचा काळा पट्टाही नव्हता. क्रीमने जो जात नाही तोच पट्टा गायब, आणि मी काय केलं, तर त्याच्या हाताला दाद दिली!

माझी नोकरी क्वालिटी इन्स्पेक्शनची आहे. दिवसभर नमुना आणि माल शेजारी ठेवून फरक शोधायचा, याचेच पैसे मिळतात मला. ऑफिसमध्ये हे कुणाला सांगितलेलं नाही. पण तिथे ठरलेला उजेड असतो, भिंग असतं, मोजमाप असतं. फोनवरचा दाबून लहान केलेला फोटो आणि समोरून गोड बोलणारा माणूस, यात कुणाचाही डोळा चुकेल. निदान मी तरी स्वतःला असंच समजावतो.

पार्सल आलं. लांबून चाकं झकास. जवळून पाहिली तर जरा जास्तच झकास. या नायलॉनला चमक मंद असते, ही चाकं मात्र फ्रिजच्या दारासारखी लकाकत होती. पुढच्या चाकावरची साच्यातून उठवलेली अक्षरं बोथट, कडा भरून आलेल्या. मागच्या चाकावर अक्षरंच नाहीत! विचारलं तर म्हणाला, प्रोसेसमध्ये अक्षरं झिजतात. साच्यात उठवलेली अक्षरं, झिजतात! हब (चाकाचा मधला भाग) आणि प्लास्टिक भेटतं त्या कोपऱ्यात स्प्रेचे बारीक पांढरे ठिपके बसलेले. टायर चढवताना टायर लिव्हर रिमच्या कडेला लागला आणि रंगाचा पापुद्रा सुटला. मग नखाने ओढला तर पट्टीच्या पट्टी निघत गेली, कारण वरून फवारलेला रंग नायलॉनवर धड धरतच नाही. खाली निघालं कळकट पिवळं, माझ्या चाकांपेक्षा जुनाट चाक, आणि मागच्याला हबपासून निघालेली एक बारीक चीर, आत पुट्टी भरलेली. त्यावर बसून एखादं पोर रॅम्पवरून उडालं असतं तर?

म्हणजे पुढचं चाक कुणाचं तरी भलतंच, मागचं कुठल्या तरी बिननावाच्या नकलेचं, दोन्हींवर एकच पांढरा रंग मारून जोडी केलेली. माझी चाकं त्याच्याचकडे.

ॲसिटोन नायलॉनला सहसा काही करत नाही, रंगाला करतं. कापसाच्या बोळ्यावर घेऊन टायरखाली झाकल्या जाणाऱ्या जागी पुसा. बोळा पांढरा झाला तर चाक रंगवलेलं आहे. जुनं पांढरं चाक विकत घेतानाही हेच करा, आणि विकणारा 'केमिकल लावू नका' म्हणाला तर तिथूनच उठा.

आता पुढची रडकथा. पैसे मी पेमेंट ॲपवरून 'फ्रेंड्स अँड फॅमिली' या प्रकारात पाठवले होते, कारण तो म्हणाला कमिशन वाचेल. हो, मलाही माहीत आहे त्यात संरक्षण नसतं. पण आधी गप्पा मारून, फोटो पाहून, ओळख झाल्यासारखी वाटते, त्यात चार-पाच डॉलरसाठी ताणायचं कसं? ॲपवाल्यांचं उत्तर ठरलेलं: तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वखुशीने पैसे दिलेत, आम्ही काही करू शकत नाही. क्रेडिट कार्डाऐवजी बँक खात्यातून गेले, त्यामुळे कार्डवाल्यांकडे दाद मागायचा रस्ताही बंद. कुरिअरवाले म्हणाले पार्सल पत्त्यावर पोचलंय, आत काय होतं ते आमचं काम नाही.

पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या माणसाने मला दोनदा विचारलं, "सायकल चोरीला गेली?" नाही, चाकं. "मग सायकल कुठे आहे?" घरी. "चाकं परत आली ना?" आली, पण माझी नव्हेत. "कशावरून?" मी फोनमधले फोटो काढून खोक दाखवायला लागलो तेव्हा मागे रांगेतला एक जण हसला. शेवटी उत्तर काय, तर हा दिवाणी वाद आहे, आणि तो माणूस दुसऱ्या राज्यात आहे, तिकडे तक्रार करा. तिकडे फोन केला तर म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार नोंदवा. दोघांचीही भाषा अतिशय सभ्य. ऑनलाइन तक्रारीचा भलामोठा फॉर्म भरला, त्यात नुकसानीच्या रकान्यात ६७२.१५ लिहिताना लाज वाटली, कारण वरच्या उदाहरणात पाच आकडी रक्कम होती. एक क्रमांक आला. त्यानंतर काहीही आलं नाही. स्मॉल क्लेम्स कोर्टाचं, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचं, बघितलं, तर दावा साधारण तो राहतो तिथे लावायचा, आणि त्याचा पत्ता म्हणजे भाड्याने घेतलेली टपालपेटी. नोटीस बजावायची कुणाला, पेटीला?

प्रत्येक जण मला पुरावा मागतो आणि पुरावा दाखवला की म्हणतो हे आमच्या अखत्यारीत नाही. मोठी रक्कम असती तर धावले असते की काय, कोण जाणे. या लोकांचा हिशेबच तो आहे: एवढ्या पैशांसाठी कुणी उठत नाही, आणि जो उठतो त्याला सायकलवेडा म्हणून घरी पाठवतात.

चाकं कुणाकडेही द्यायची वेळ आलीच तर टायर काढून आतल्या खाचेत खूण करा, दाभणाने कोरा, दिसत नाही आणि रंगानेही सहज बुजत नाही. अक्षरं आणि व्हॉल्व्हचं भोक एकाच चौकटीत येतील असे फोटो ठेवा, दोन्ही बाजूंचे. साच्यातलं चाक असल्यामुळे त्यांची एकमेकांपासूनची जागा बदलत नाही, चाक बदललं तर लगेच कळतं. मधल्या फोटोत नेमकी तीच जागा मागा. 'बॅटरी संपली' म्हणाला तर पुढचा पैसा द्यायचा नाही. आणि कमिशन भरा हो, गपचूप भरा.

गेल्या आठवड्यात त्याच फोटोशैलीतली जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. तेच हिरवं कापड, तीच लाकडी पाटी. जोडी विकायला आहे, ४५० डॉलर. मजकूर काय तर 'मूळ अवस्था, कधीही ब्लीच न केलेली, ऐंशीच्या दशकातला खरा पिवळेपणा'. मागच्या चाकाला व्हॉल्व्हच्या उजवीकडे तिरकी खोक. म्हणजे माझ्या चाकांना त्याने क्रीमचं बोटही लावलं नव्हतं. जाहिरातीची तक्रार केली, अर्ध्या तासात उत्तर आलं की ती नियमांत बसते. त्याच्या खाली मी लिहिलेली कॉमेंट मात्र त्यांनी काढून टाकली. ती जोडी दिसली तर घेऊ नका, आणि विकणाऱ्याने तुमच्याकडे 'फ्रेंड्स अँड फॅमिली' मागितलं तर त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट मला पाठवा, कोर्टात लावायला पत्ता हवाय मला.