सतरा मिनिटांची बाजू : डॉना समरच्या एका गाजलेल्या रेकॉर्डविषयी

डॉना समर या अमेरिकन गायिकेची ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ ही रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली, तर पहिल्या बाजूवर कुठेही रेघ दिसत नाही. एरवी एलपीवर दोन गाण्यांच्या मध्ये एक गुळगुळीत, चकाकणारी रेघ असते आणि तिच्यावर नजर ठेवून सुई हव्या त्या गाण्यावर टेकवायची सवय आमच्या पिढीच्या हाताला अजूनही आहे. येथे मात्र काठापासून लेबलापर्यंत एकच सलग काळा पट्टा आहे आणि त्यात जवळजवळ सतरा मिनिटांचे एकच गाणे आहे. हे गाणे पन्नास वर्षे ज्या उघड शृंगारासाठी चर्चेत राहिले, त्यापेक्षा या बिनरेघेच्या पट्ट्यात त्याचे खरे मोल आहे, असे माझे मत आहे.

ही माझी दुसरी प्रत. पहिली मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मे महिन्यात मागवली आणि ती चूक ठरली. नागपूरच्या उन्हाळ्यात पार्सल दोन दिवस कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात पडून राहिले असावे. हातात आली तेव्हा रेकॉर्ड पापडासारखी एका बाजूने उचलली गेली होती आणि प्रत्येक फेऱ्याला सुई उडत होती. जुना माल परत घेतला जात नाही, एवढेच उत्तर विक्रेत्याकडून मिळाले. त्यानंतर हिवाळ्यात इतवारीतल्या एका छोट्या दुकानात हीच रेकॉर्ड सापडली. दुकानदार काकांनी ती कव्हरमधून काढून दिव्याखाली फिरवून दाखवली, दोन्ही बाजू थोड्या थोड्या वाजवून दाखवल्या आणि मगच किंमत सांगितली. रेकॉर्ड अशाच रीतीने घ्यावी. काकांनी पिशवीत घालताना, “ताई, ही बाजू जरा घरचं वातावरण बघून लावा,” असेही सुचवले. त्यांच्या सांगण्यात खवचटपणा नव्हता, काळजी होती.

गाण्याची जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हा लांबलचक पट्टा कळत नाही. डॉना समर बॉस्टनची. चर्चमध्ये गात वाढलेली ही मुलगी ‘हेअर’ या संगीतिकेत काम करायला जर्मनीत गेली आणि तेथेच रमली. समर हे नावही तिच्या पहिल्या नवऱ्याच्या जर्मन आडनावावरून आलेले. म्युनिकमध्ये तिची गाठ जॉर्जो मोरोडर हा इटालियन आणि पीट बेलॉट हा इंग्लिश अशा दोन संगीतकारांशी पडली. ध्रुवपदाची ओळ तिलाच सुचली होती. मात्र एवढे उघड शृंगारिक गाणे आपल्या नावावर यावे असे तिला वाटत नव्हते. दुसऱ्या कोणा गायिकेला ऐकवण्यासाठी नमुना म्हणून गाते, या बोलीवर ती तयार झाली. स्टुडिओतले दिवे मंद केले गेले, ती जमिनीवर आडवी झाली आणि मर्लिन मन्रोने हे गाणे कसे म्हटले असते, याची कल्पना करत तिने ते म्हटले. १९७५ मध्ये युरोपात निघालेल्या छोट्या आवृत्तीला बेताचाच प्रतिसाद मिळाला.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. कासाब्लांका रेकॉर्ड्सचा प्रमुख नील बोगार्ट याने घरच्या पार्टीत हे गाणे लावले, तर पाहुणे ते पुन्हापुन्हा लावायला सांगू लागले. पार्टीत दर तीन-चार मिनिटांनी उठून सुई मागे न्यावी लागते म्हणजे गाणेच अपुरे आहे, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने मोरोडरकडे एलपीची पूर्ण बाजू व्यापेल एवढे गाणे मागितले. रेडिओसाठी काढल्या जाणाऱ्या सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त संगीत नीट मावत नाही. त्यामुळे त्या काळचे पॉप गाणे त्या मापातच बेतलेले असे. मोरोडरने ते माप मोडले. बारा इंची सिंगल, म्हणजे एकच लांब गाणे मावेल अशी मोठी रेकॉर्ड, बाजारात विकायला आली ती १९७६ साली, म्हणजे या रेकॉर्डच्या नंतर. नाचणाऱ्यांना लांब गाणे हवे असते, याची खात्री धंद्याला पटवून देण्यात या रेकॉर्डचा वाटा मोठा आहे.

आता ऐकण्याविषयी. सुरुवातीला आवाज इतका जवळून येतो, की गाणारी कानाशी बसली आहे असे वाटावे. मग दर मात्रेला एक याप्रमाणे बास ड्रमचा ठोका सुरू होतो, आणि हा ठोका घाईचा नाही, रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा आहे. त्यावर वाह-वाह पेडलमधून (सूर पायाने बदलण्याचे साधन) आलेली गिटार गुरगुरते, बास गिटार एक लहानशी फिरकी घेत राहते आणि व्हायोलिनांचा ताफा हळूच पाठीमागून येऊन उभा राहतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आपल्याला वाटते की गाणे आता संपेल, कारण पॉप गाणे तेव्हा संपते. ते संपत नाही. वाद्ये एकेक करून बाजूला होतात, ठेका उघडा पडतो, आवाज शब्द सोडून नुसत्या श्वासावर येतो, मग व्हायोलिन परततात आणि तीच ओळ पुन्हा येते. पण मधल्या काळात ऐकणारा बदललेला असतो, म्हणून ती ओळ आधीसारखी लागत नाही. ठुमरीत एकच बोल पुन्हापुन्हा घेऊन त्यातून वेगवेगळे भाव काढतात, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही चाल परकी वाटणार नाही. शृंगाराला वेळ लागतो, ही गोष्ट आपल्या गायकीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पॉप संगीताने ती इतक्या ठामपणे क्वचितच मान्य केली असेल.

आवाजाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. डॉना समरचा गळा केवढा मोठा होता, हे तिच्या नंतरच्या गाण्यांत ऐकू येते. चर्चमध्ये तयार झालेला, सभागृह भरून टाकणारा तो आवाज होता. या गाण्यात तिने तो जवळजवळ सगळाच झाकून ठेवला आहे. वरच्या पट्टीत, पातळ, श्वासाने भरलेला एवढाच धागा तिने बाहेर येऊ दिला आहे आणि सतरा मिनिटांत तो धागा एकदाही तुटत नाही. मोठ्या गळ्याला लहान राहणे किती अवघड जाते, हे गाणाऱ्या माणसाला विचारावे.

दोषही आहेत आणि ते सांगायला हवेत. मधला नुसत्या उसाशांचा भाग मला गरजेपेक्षा लांबलेला वाटतो. तेथे ठेका काम करत राहतो, गायिकेला मात्र नवे काही करायला उरत नाही. व्हायोलिनांची रचना काही ठिकाणी फार गोड झाली आहे. एक दोष गाण्याचा नसून माध्यमाचा आहे. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण आतल्या खाचांचा घेर लहान असल्यामुळे तेवढ्याच सेकंदाला कमी लांबीची जागा मिळते आणि आवाजाचा तपशील दाटीवाटीने कोरला जातो. परिणामी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, नेमक्या सर्वांत नाजूक जागी, ‘स’ आणि ‘श’ किंचित फाटतात. सुई चांगली असेल तर हे कमी होते, पूर्ण जात नाही.

या रेकॉर्डचे स्वागत कसे झाले, ते वाचताना मात्र मन खट्टू होते. अमेरिकेत हे गाणे १९७५ च्या अखेरीस निघाले आणि १९७६ च्या सुरुवातीला ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले; नृत्यसंगीताच्या यादीत ते पहिले होते. ब्रिटनमध्ये बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरीही तेथे ते चौथ्या क्रमांकावर गेले. (रेडिओने पाठ फिरवली म्हणून श्रोते थांबत नाहीत, हे आपणही पाहिले आहे : १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ गायब झाली, तेव्हा घराघरांतले काटे रेडिओ सिलोनकडे फिरले होते.) ‘टाइम’ साप्ताहिकाने या गाण्यातले कामतृप्तीचे क्षण मोजून बावीस हा आकडा छापला. कंपनीने तिला ‘फर्स्ट लेडी ऑफ लव्ह’ अशी पदवी देऊन त्याच आकड्यावर माल विकला. नाक मुरडणारे आणि विकणारे दोघेही एकच गोष्ट मोजत होते आणि ठेका, रचना, आवाजावरचा ताबा यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, समर, मोरोडर आणि बेलॉट याच तिघांनी ‘आय फील लव्ह’ हे जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर रचलेले गाणे केले आणि नृत्यसंगीताची दिशा बदलली; त्याची तयारी या सतरा मिनिटांत झालेली ऐकू येते.

त्या पदवीचा भार गायिकेला पुढे सोसवला नाही. धर्माकडे वळल्यावर तिने हे गाणे अनेक वर्षे मंचावर म्हटले नाही. येथे मला सुलोचनाबाई चव्हाण आठवतात. आचार्य अत्र्यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून गौरवलेल्या या गायिकेने पदर नीट अंगभर लपेटून, जागेवर उभे राहून लावणी म्हटली आणि सगळा शृंगार शब्दांच्या फेकीत ठेवला. गाणे तिचे होते, पण गाण्यातली बाई ती नव्हती, हे आपल्या श्रोत्यांना कळत होते. डॉना समरच्या श्रोत्यांनी तिला ती मोकळीक दिली नाही, आणि मला हा अन्याय वाटतो.

माझी आई भंडाऱ्याकडची. लहानपणी खडी गंमत हे तिकडचे लोकनाट्य पाहत रात्री जागवलेली. एका संध्याकाळी मी ही बाजू लावली असताना ती शेंगा सोलत बसली होती. शब्द तिला कळत नव्हते, पण काय चालले आहे ते कळत होते. तिने हात थांबवले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हिला घाई नाही बघ. आमच्या गमतीतला नाच्याही असाच थांबवून ठेवायचा.” एवढे बोलून ती पुन्हा शेंगांकडे वळली आणि बाजू संपेपर्यंत उठली नाही.

दुसरी बाजू साधी आहे. चार निरनिराळी गाणी आणि एकाची पुनरावृत्ती. नीटनेटकी, ऐकून विसरण्याजोगी. ‘व्हिस्परिंग वेव्ह्ज’ तेवढे दुसऱ्यांदा लावावेसे वाटले.

घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. सात इंची छोटी आवृत्ती सापडली तरी तिच्यावर पैसे घालू नयेत. तीत चावटपणा उरतो आणि वाट पाहणे निघून जाते. मोबाइलवर लांब आवृत्ती ऐकता येते, पण लहान स्पीकरवर बास ड्रम ऐकूच येत नाही आणि ठोक्याशिवाय हे गाणे पोकळ वाटते. निदान चांगले हेडफोन तरी वापरावेत. एलपी घेताना शेवटचा, लेबलाजवळचा भाग वाजवून पाहावा, कारण जुन्या प्रती तेथेच झिजलेल्या असतात. आणि नागपूरकरांनी ती मार्च उजाडण्यापूर्वी घ्यावी, उभी ठेवावी, कूलरच्या ओलीपासून कव्हर लांब ठेवावे. उन्हाळ्यात ऐकायचीच असेल तर त्या सतरा मिनिटांपुरता कूलर बंद करावा लागतो, नाहीतर पहिली कुजबुज पंख्याच्या घरघरीत जाते. मी गेल्या मे महिन्यात रात्री अकरानंतर तसे केले. घाम आला, पण पहिला श्वास ऐकू आला.