हॅम रेडिओच्या कॉन्टेस्टचे नियम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ग्रुपवर पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी रात्री ८ ते १०, एक स्पर्धा चालते. हॅम रेडिओवाले, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओ सेटवर बोलणारे, हवेत जी कॉन्टेस्ट खेळतात तिचे नियम आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याला लावलेत. पेरणी, काढणी, लग्नसराई सगळ्या काळात ती चालवून बघितली, म्हणून आता सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, ज्या ग्रुपवर माणसं भरपूर आणि बोलणं काहीच नाही, त्यांनी हे जरूर करावं. फक्त रेडिओचे सगळे नियम जसेच्या तसे उचलू नका.

ग्रुप आमचा मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा. बरेच जण पोटापाण्यासाठी पुण्यात, बाकीचे गावाकडं. दिवसभर सुप्रभातची चित्रं, आलेलं पुढं ढकलणं, वाढदिवसाला फुलं. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीचं आंदोलन झालं आणि आरक्षणावरून ग्रुपवर अशी भांडणं लागली की काही जणांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं. ग्रुप कुणी सोडला नाही. सगळे आत, सगळे गप्प.

मी परवानाधारक हॅम आहे, माझं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखीचं नाव) व्हीयू३ मालिकेतलं. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड नावाची आवाजी कॉन्टेस्ट असते, सलग ४८ तासांची. समोरच्याचं कॉलसाइन घ्यायचं, आपलं द्यायचं, सिग्नल कसा येतोय ते आणि आपल्या झोनचा (जगाच्या ठरवलेल्या विभागाचा) आकडा सांगायचा. भारताचा झोन २२. दुसऱ्या खंडातल्या माणसाशी संपर्क झाला तर ३ गुण, स्वतःच्या देशातल्याशी झाला तर शून्य. पण त्या शून्याच्या संपर्कानंही नवा देश किंवा नवा झोन गुणक म्हणून हाती लागतो, आणि शेवटी सगळ्या गुणांना गुणकांच्या बेरजेनं गुणतात. त्यामुळं ओळखीच्या चार जणांशीच बोलत बसण्यात काही मिळत नाही, अनोळखी माणूस शोधावाच लागतो. एकाच बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) त्याच माणसाशी परत बोललात तर गुण नाहीत.

हेच आम्ही आणलं. गुणक म्हणून मराठवाड्याचे ७६ तालुके धरले, पुण्यात राहणाऱ्याचा मूळ तालुका मोजायचा. आपल्याच तालुक्यातल्याशी बोलला तर गुण शून्य, जिल्ह्यातल्याशी १, जिल्ह्याबाहेर ३. कॉलसाइन म्हणजे गाडीच्या पाटीवरचा एमएच पुढचा आकडा आणि पुढं स्वतः निवडलेला एक शब्द : ‘३८ हळद’, ‘२१ मोसंबी’. अंबाजोगाईकरांनी बीडचा २३ घ्यायला साफ नकार दिला, त्यांना ४४ च पाहिजे होता. दिला.

ग्रुपवर फक्त हाक द्यायची, बोलणं खासगी व्हॉइस मेसेजवर. यावर मी अडून बसलो. रेडिओवर खरखर असते, सिग्नल खालीवर होतो, म्हणून कान देऊन ऐकावं लागतं. लिहिलेला मेसेज न वाचताही उतरवून घेता येतो. आवाज मात्र पूर्ण ऐकल्याशिवाय वहीत काय लिहिणार?

आणि या सगळ्याचा गाभा ती वहीच आहे. कॉन्टेस्ट संपली की हॅम आपापला लॉग (संपर्कांची वही) आयोजकांकडं पाठवतात आणि संगणक सगळे लॉग एकमेकांशी ताडून बघतो. माझ्या लॉगमध्ये तुम्ही आहात पण तुमच्यात मी नाही, तर तो संपर्क बाद. कॉलसाइन चुकीचं ऐकलं तर तोही बाद, वर दंड. म्हणजे मी बोललो याला काहीच किंमत नाही, दोघांच्या वहीत एकच गोष्ट असली तरच ती घडली. सोशल मीडियावर हेच कुठं नाही. तिथं बोलणाऱ्याचंच मोजतात, ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आमच्याकडं दर वेळी एक प्रश्न असतो. गावात पाणी कुठून येतं, घरातली शेवटची बैलजोडी कधी विकली, असे. उत्तर ऐकून एका ओळीत वहीत लिहायचं. रविवारी तपासनीस ती ओळ सांगणाऱ्याला वाचून दाखवतो : हे तुम्हीच सांगितलं का? तो ‘होय’ म्हणाला तर गुण. उमरग्याच्या एका काकांनी सांगितलं होतं की बोअर ६०० फूट घेतलं, वरचं ओलं लागलं पण खाली कोरडंच निघालं. भूमच्या पोरानं लिहिलं, ‘बोअरला पाणी लागलं.’ काकांनी ओळ ऐकली आणि म्हणाले, ‘नाही बाबा, पाणी लागलं असतं तर कर्ज कशाला झालं असतं?’ संपर्क बाद झाला. त्या पोरानं स्वतः फोन लावला आणि दोघं बराच वेळ बोलले. कर्जाची गोष्ट ग्रुपवर तोवर कुणालाच माहीत नव्हती.

वेगाचा नियम मात्र इथं घात करतो. हवेत मोठी स्टेशनं एका तासात दोनशेच्या घरात संपर्क करतात, त्यातच त्यांचं कसब. आमच्याकडं देगलूरच्या कॉलेजच्या पोरानं तेच केलं : ‘देगलूर, विहीर आहे, धन्यवाद.’ झाला संपर्क! गुण मिळाले, बोलणं शून्य. म्हणून तासाला जास्तीत जास्त १० संपर्क मोजायचे असं ठरवलं. हा आकडा तुमच्या ग्रुपप्रमाणं बदला, पण मर्यादा ठेवाच.

सगळ्यात चांगला चालला तो उत्तर अमेरिकेतल्या स्प्रिंट कॉन्टेस्टचा नियम. तिथं ज्यानं हाक दिली त्यानं एक संपर्क झाला की ती फ्रिक्वेन्सी सोडून दुसरीकडं जायचं, जागा उत्तर देणाऱ्याची. आमच्यात हाक देऊन बोलणं झालं की पुढची हाक उत्तर देणाऱ्यानं द्यायची. ग्रुपवर नेहमी बोलणारे पाच-सहा जण असतात, त्यांचं मैदान आपोआप सुटलं. पालमच्या एक ताई, ज्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता, दुसऱ्याच खेपेला हाक देत होत्या. एका फोनवर सासू आणि सून दोघी असतील तर दोघींना वेगळं कॉलसाइन मिळतं. कॉलसाइन माणसाचं, फोनचं नाही.

भारतातल्या हॅमना राजकारण, धंदा यावर हवेत बोलता येत नाही. तो नियम आम्ही त्या दोन तासांपुरता घेतला. सोयगावचा आमच्यात एकच माणूस आहे, आणि भांडणात तो एका टोकाला होता. त्याच्याशी बोलल्याशिवाय सोयगावचा गुणक नाही! ज्यांनी बोलणं सोडलं होतं त्यांतल्या तिघांनी त्याला व्हॉइस मेसेज टाकला. आरक्षणावर कुणाचं मत बदललं नाही, बदलेल असंही नाही. पण त्यातला एक जण आता त्याला कापसाचा भाव विचारतो.

सप्टेंबर अखेरच्या खेपेबद्दल थोडं जास्त लिहितो. अमेरिकेत १९३० साली स्वीपस्टेक्स ही कॉन्टेस्ट सुरू झाली. तिच्यात जी माहिती द्यावी-घ्यावी लागते (अनुक्रमांक, स्टेशन, ठिकाण), ती रेडिओवरून पाठवायच्या संदेशाच्या मथळ्यावरून घेतलेली आहे. म्हणजे हा खेळ मुळात संदेश न चुकता पोचवायच्या सरावाचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर हॅम आपले सेट घेऊन मदतीला उतरले होते. म्हणून त्या रात्री प्रश्न ठेवला : त्या पहाटे तुम्ही कुठं होता? आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन लोक नुकते झोपले होते. परभणीकडच्यांना भांडी वाजल्याचं आठवत होतं. लोहाऱ्याच्या एका आजोबांनी जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. ज्यांचा जन्म नंतरचा त्यांनी आईवडिलांना उठवून विचारलं. एका ओळीचा नियम कुणीच पाळला नाही, वह्यांची पानंच्या पानं भरून आली. तपासताना सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायचं, तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसतं ‘होय... होय’ येत होतं. गुण आम्ही मोजले, निकाल कुणी विचारला नाही.

तोटेही सांगतो. तपासणीला तिघांचा रविवार अर्धा जातो. हॅमकडं त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, आमच्याकडं फोनच आहेत. तपासनीस दर वेळी बदला, नाहीतर माणूस कंटाळून सोडून देतो. वीज गेली की टॉवर जातो आणि अख्खा तालुका गायब होतो. अशांसाठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सवलत ठेवलीय. खासगी आवाज पुढं ढकलायचा नाही हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा. आणि बक्षीस ठेवू नका. एकदा एकानं हौसेनं रोख रक्कम ठेवली, त्या रात्री वह्यांमध्ये नुसते आकडे होते.

आता १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळ ते संध्याकाळ मोठी खेप घ्यायची आहे. अमेरिकेतल्या राज्यांच्या क्यूएसओ पार्टीत (तीही एक कॉन्टेस्टच) गाडीतून फिरणारा हॅम ज्या काउंटीत (तिकडच्या जिल्ह्यात) शिरेल तिचा गुणक ठरतो. तसंच, जो त्या दिवशी पुण्याहून एसटीनं गावाकडं येईल, तो ज्या तालुक्यातून जाईल तो तालुका त्याचा. त्याच्याशी नव्या तालुक्यात परत बोललं तरी गुण मिळणार. आष्टी आणि परांड्याकडून येणाऱ्यांनी तिकीट जपून ठेवायचं, वहीच्या फोटोसोबत तेही पाठवायचं.