ई-चलान, व्हर्च्युअल कोर्ट, ई-कोर्ट्स की नक्कल? वाहतुकीच्या केसची नोंद साताऱ्यात कुठे शोधायची

'माझ्या गाडीवर केस आहे का, जरा बघून सांग' असं कोणी म्हणालं की मी आधी उलट विचारतो, कागद कोणाला दाखवायचाय? प्रश्न आगाऊ वाटतो खरा, पण सगळं त्याच्यावरच ठरतं. जुनी गाडी घेणाऱ्याला एक नोंद पुरते. वॉरंट निघालंय की काय या धास्तीत असलेल्याला दुसरी लागते. नोकरीसाठी पोलीस पडताळणीचा फॉर्म भरणाऱ्याला तिसरीच. वाहतूक पोलीस, आरटीओ आणि कोर्ट या तिघांची दप्तरं वेगळी आहेत, आणि एकीकडे काय बदललं ते दुसरीकडे लगेच उमटेलच असं नाही. म्हणून 'ऑनलाइन बघितलं, काही नाही' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न 'कुठे ऑनलाइन?' हाच असायला हवा.

सगळ्यात सोपी वाट महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटची किंवा त्यांच्या महाट्रॅफिक ॲपची. गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेले आणि भरलेले दंड समोर येतात. नोंद राज्यभराची असते. एमएच-११ ची, म्हणजे साताऱ्याची गाडी पुण्यात नो पार्किंगला सापडली काय किंवा द्रुतगती मार्गावर वेगात धावली काय, दिसणार इथेच. पण रक्कम बघून थांबू नका, फोटो उघडा. नंबरप्लेट मोठी करून बघा, गाडीचा रंग आणि मॉडेल आपलंच आहे का ते बघा, ठिकाण आणि वेळ बघा. एक आकडा चुकीचा वाचला गेला की कराडच्या स्कूटरवर भलत्याच शहरातल्या कारचा दंड लागू शकतो. तक्रार करायची सोयही तिथेच आहे, आणि ती पैसे भरायच्या आधी करायची असते. 'आधी भरून टाकू, मग बघू' म्हणणाऱ्याचं पुढे कोणी ऐकत नाही.

या साइटची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. आरटीओच्या भरारी पथकाने फाडलेली पावती केंद्राच्या परिवहन ई-चलान साइटवर शोधावी लागते. ट्रक, टेम्पो, वडाप किंवा स्कूलबस असेल तर ही दुसरी साइट बघणं चुकवू नका. कारण ओव्हरलोड, परमिट, फिटनेस या भानगडी बहुतेक आरटीओकडूनच निघतात. आणि कागल ओलांडून निपाणी-बेळगावकडे ज्यांचं नेहमी जाणं-येणं आहे, त्यांना कर्नाटक पोलिसांचा दंड आपल्या पोलिसांच्या साइटवर दिसणार नाही.

पोलिसांच्या साइटवर दंड भरला म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड झाली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० खाली ठरावीक गुन्हे असे जागेवर मिटतात. प्रकरण कोर्टात जात नाही, दोषी ठरण्याचा प्रश्न येत नाही. हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्ट यांसाठी ही वाट सरळ आहे, आणि चूक आपलीच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: भरा आणि मोकळे व्हा. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, असं मिटत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यासाठी न्यायाधीशांपुढे उभं राहावंच लागतं.

दंड भरला नाही तर प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात जाऊ शकतं. राज्यातलं असं कोर्ट २०२० साली नागपूर जिल्ह्यात काटोलला सुरू झालं, त्यामुळे स्क्रीनवर साताऱ्याचं नाव दिसलं नाही म्हणून ते खोटं समजू नका. मोबाइल नंबर, सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक), नाव, किंवा चलान वा गाडीचा नंबर, यांपैकी काहीही टाकून शोधता येतं. आधी यादीतून राज्य आणि खातं बरोबर निवडा. वाहतूक आणि परिवहन ही दोन खाती तिथे वेगळी आहेत, आणि चुकीचं खातं निवडलं की 'नोंद नाही' असंच उत्तर येतं.

तिथे तुमच्यापुढे दोन पर्याय येतात. दंड भरायचा किंवा केस लढायची. भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पोलिसांच्या साइटवर ५०० रुपये भरणं आणि इथे ५०० भरणं यांत खिशाला फरक नसला तरी कागदाला आहे, कारण इथे मॅजिस्ट्रेटपुढच्या केसमध्ये कबुली दिली असं लिहिलं जातं. म्हणून पोलीस भरती, सरकारी नोकरी, परदेशी व्हिसा असं काही डोक्यात असलेल्या पोराने चलान कोर्टात जाईपर्यंत थांबू नये. केस लढायची म्हटलं तर ती ज्या भागात घडली तिथल्या कोर्टाकडे वर्ग होते, आणि मग वकील आणि तारखा आल्या.

आता ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातल्या केसेसची स्थिती दाखवणारी सरकारी साइट. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू.

ई-कोर्ट्सच्या साइटवर गाडीच्या नंबरवरून शोधताच येत नाही. हे माहीत नसल्याने लोक तासभर खटपट करतात आणि शेवटी 'साइट बंद आहे' म्हणतात. शोधायचं ते केस नंबर, सीएनआर, पक्षकाराचं नाव, वकिलाचं नाव किंवा गुन्हा नंबर यांवरून. आधी राज्य, मग सातारा जिल्हा, मग कोर्ट संकुल निवडायचं. तालुका चुकला की नाव बरोबर असूनही काही सापडत नाही. घटना हायवेवर घडली तर पोलीस ठाणं कुठलं ते बघा. भुईंजची असेल तर वाई, उंब्रजची असेल तर कराड, बोरगावची असेल तर सातारा, इथून सुरुवात करा. राहायला कोरेगावला आहे म्हणून कोरेगाव कोर्टात शोधण्यात अर्थ नाही.

अपघाताची केस असेल तर गुन्हा नंबरवरून शोधणं सर्वांत खात्रीचं. पोलीस ठाणं, नंबर, वर्ष एवढं पुरतं. किरकोळ वाहतूक केसला मात्र एफआयआर नसतो, त्यामुळे गुन्हा नंबरही नाही. तिथे नावावरच भिस्त, आणि नाव इंग्रजी स्पेलिंगने चढवलेलं. एकाच भोसलेचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी सापडतं. कुठे 'एस'नंतर 'ए' आहे, कुठे नाही, कुठे मधेच 'एन' घुसलेला. येवले कुठे 'व्ही'ने, कुठे 'डब्ल्यू'ने. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं आणि वर्ष टाकून यादी वाचत बसणं बरं. उलट्या बाजूनेही सावध राहा. जाधव, पवार, शिंदे, कदम यांनी भरलेल्या जिल्ह्यात नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. यादीत एखादं नाव दिसलं म्हणून सोयरीक मोडायची किंवा ड्रायव्हरला कामावरून काढायचं, हा शुद्ध अन्याय आहे.

केस उघडली की वर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' दिसेल. केसचा प्रकार एससीसी असेल तर ती संक्षिप्त फौजदारी केस, वाहतुकीच्या बहुतेक केसेस यात येतात. आरसीसी असेल तर प्रकरण त्याहून गंभीर, बहुधा दोषारोपपत्र झालेलं. कलमांच्या रकान्यात मोटार वाहन कायद्याचीच कलमं असतील तर एक गोष्ट. भारतीय न्याय संहितेचं २८१ (बेदरकार वाहन चालवणं) किंवा १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) असेल तर गोष्ट पार वेगळी. १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुन्या दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमं लागतात.

मग येतो टप्पा. 'समन्स' लिहिलं असेल तर अजून तुमच्यापर्यंत बजावणी व्हायचीय. 'एनबीडब्ल्यू' म्हणजे अजामीनपात्र, बोलीतलं पकड वॉरंट. हे दिसलं की पुढची तारीख बघत बसू नका, वकील घेऊन स्वतःहून हजर व्हा. 'डॉर्मंट' दिसलं की लोक खूश होतात, केस झोपली म्हणून. आरोपी सापडत नाही म्हणून फाइल बाजूला ठेवलीय, एवढाच त्याचा अर्थ. ती कधीही बोर्डावर परत येऊ शकते.

सर्वांत फसवा शब्द 'डिस्पोज्ड', म्हणजे निकाली. निकाली म्हणजे निर्दोष नव्हे! त्याच्या खालच्या ओळीत निकालाचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे 'प्लीडेड गिल्टी' असेल तर कबुली देऊन दंड भरलाय, 'कन्व्हिक्टेड' असेल तर चालवून शिक्षा झालीय, 'ॲक्विटेड' असेल तर सुटलाय. गावात तिन्हींना 'केस मिटली' असंच म्हणतात. फॉर्म तपासणारा तसं म्हणणार नाही.

छोट्या केसेसमध्ये निकालाची प्रत साइटवर चढवलेली नसते, हे बऱ्याचदा घडतं. शिवाय साइटवरची माहिती माहितीपुरतीच, तिचा प्रिंटआउट कुठल्या कार्यालयाने नाकारला तर तक्रार करता येत नाही. तिथे शेवटची आणि सर्वांत भक्कम वाट घ्यावी लागते, कोर्टाच्या नक्कल विभागाची. नक्कल म्हणजे कोर्टाच्या सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत. अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, केस नंबर, निकालाची तारीख, आणि नेमका कोणता कागद हवा ते. नुसतं 'केसची नक्कल' लिहू नका. निकाल हवा असेल तर निकाल. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, वॉरंट कधी रद्द झालं हे दाखवायचं असेल तर रोजनामा मागा. रोजनाम्याचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं. वॉरंट रद्द होऊनही ठाण्यात नोंद तशीच राहिली असेल, तर तिथे दाखवायला रोजनाम्याच्या त्या तारखेच्या नकलेइतका चोख कागद दुसरा नाही. तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि मोफत द्यावी, असा कायदाच आहे.

केसमध्ये पक्षकार नसलेल्यालाही नक्कल मागता येते, पण कारण लिहावं लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते. 'माहिती अधिकारात टाकतो' असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. न्यायालयीन कागदपत्रांसाठी कोर्टाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच अर्ज करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय.

आता ठरवायचं कसं. जुनी दुचाकी किंवा कार घेत असाल तर पोलिसांची साइट आणि परिवहनची साइट, दोन्ही व्यवहाराच्या आधी, विकणाऱ्याच्या समोर बघा. दंड गाडीच्या नंबरला चिकटतो आणि नावावर करताना आरटीओत अडतो. एमएच-११ असो की कराडची एमएच-५०, नियम तोच. पण ट्रक, बोलेरो, ट्रॅक्टर असा महाग व्यवहार असेल तर एवढ्यावर भागत नाही. अपघाताच्या गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मालकाला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळते, आणि त्यात केस संपेपर्यंत विकू नये अशी अट असू शकते. अशी गाडी दोन्ही साइटवर स्वच्छ दिसेल. सातबारा कोरा दिसला म्हणून जमिनीवर दावा नाही असं जसं होत नाही, तसंच हे. गाडी कोर्टाच्या लेखी मुद्देमाल आहे का, हे विकणाऱ्याला तोंडावर विचारा, गाडीवर विम्याचा क्लेम झाला होता का ते विचारा, आणि उत्तर घुटमळलं तर मालकाच्या नावावरून ई-कोर्ट्स बघा.

ड्रायव्हर ठेवणाऱ्याने उमेदवाराकडूनच केस नंबर आणि निकाल मागावा. परस्पर नाव शोधून मत बनवू नये. पडताळणीचा फॉर्म भरणाऱ्याने प्रश्न नीट वाचावा. 'गुन्हा दाखल झाला होता का' आणि 'शिक्षा झाली होती का' हे दोन प्रश्न आहेत. ज्याने कधीतरी मॅजिस्ट्रेटपुढे 'गुन्हा कबूल' म्हटलंय त्याने फॉर्म भरायच्या आधी निकालाची नक्कल काढून वकिलाला दाखवावी. लपवलेली केस उघडी पडली तर ती केसपेक्षा महागात पडते.

लोकअदालतीचा मेसेज आला असेल तर ते बहुधा दाखलपूर्व प्रकरण असतं, म्हणजे केस अजून कोर्टात दाखल झालेली नाही. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. 'थांबा, लोकअदालतीत निम्म्यात मिटतं' असं सांगणारे साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पावलोपावली भेटतील, पण सवलत हा कोणाचा हक्क नाही, आणि तिच्या आशेवर चलान कोर्टात जाऊ देणं मला तरी पटत नाही. मेसेजमधल्या लिंकचं म्हणाल तर पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपत नसेल, किंवा व्हॉट्सॲपवर 'चलान' नावाची एपीके फाइल आली असेल, तर हात लावू नका. त्या फाइली बँक खातं साफ करायला बनवलेल्या असतात.

राहता राहिल्या संगणकाआधीच्या केसेस. त्या ई-कोर्ट्सवर सापडत नाहीत म्हणजे नव्हत्याच असं नाही. वर्ष आणि आरोपीचं नाव घेऊन रेकॉर्ड रूमला अर्ज करावा लागतो, रजिस्टरमध्ये शोधावं लागतं. किरकोळ केसच्या फाइली ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. तसं झालं असेल तर अर्जावर 'रेकॉर्ड नष्ट' असा शेरा मिळतो. तो सही-शिक्क्यानिशी मागून घ्या आणि जपून ठेवा. पडताळणीच्या वेळी निकालाऐवजी दाखवायला तोच एक कागद उरतो.