पाण्याला शेवाळी वास येतोय: उकळावं, कार्बन-यूव्ही घ्यावं की आरओ?

पुण्यात नळाच्या पाण्याला मातकट वास यायला लागला की दुकानदार सरळ आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणारं मशीन) गळ्यात मारतो. पैसे मोजण्याआधी वासाचं मूळ बघा.

सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस उतरले की साठ्यात शैवाल आणि पाणवनस्पती माजतात. आपल्याकडे पाषाण तलावातली जलपर्णी आणि उजनी धरणाचं हिरवं पाणी ही त्याचीच रूपं. (उजनीत पुण्याचंच सांडपाणी पोचतं आणि सोलापूरकर ते पितात, हे आपण सोयीने विसरतो.) पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याची गत तेवढी वाईट नाही, पण काठावरची वस्ती वाढतेच आहे.

शैवाल जलशुद्धीकरण केंद्राला छळतं. तुरटीने ते धड खाली बसत नाही आणि वाळूचे फिल्टर लवकर चोंदतात. क्लोरीन वाढवावं तर पेशी फुटून आतला ऐवज पाण्यात उतरतो, शिवाय ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक रसायनं तयार होतात. मातकट वास असतो शैवालातून सुटणाऱ्या जिओस्मिन या रसायनाचा. लिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या आसपासही तो नाकाला कळतो आणि क्लोरीनला दाद देत नाही.

उकळल्याने जंतू मरतात. शैवालाचं मायक्रोसिस्टिन हे विष मात्र उकळून जात नाही. नुसत्या यूव्हीचंही (अतिनील किरणांचं) काम जंतूंपुरतंच, वास तसाच राहतो.

वास, क्लोरीन, ट्रायहॅलोमिथेन यांना धरून ठेवतो तो कार्बन, म्हणजे सच्छिद्र कोळशाचा फिल्टर. गंमत म्हणजे आरओ मशिनमध्येही पडद्याच्या आधी कार्बनचंच कार्ट्रिज असतं आणि वासाचं बरंचसं काम तिथेच उरकतं. पडदा मुख्यतः क्षार काढतो आणि त्यापायी लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. नळाच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 500 च्या खूपच खाली असतो. तिथे आरओ म्हणजे निव्वळ उधळपट्टी. 500 च्या खाली आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलंय.

म्हणून नळाला माझं मत कार्बन-यूव्हीला. कार्ट्रिज मात्र वेळेवर बदला. भरलेला कार्बन काहीच धरत नाही. तपासायचं तर गाळलेलं पाणी कोमट करून बाटली अर्धी भरा, झाकण लावून हलवा आणि उघडून लगेच हुंगा.

वाघोली-उंड्रीसारख्या शहराच्या कडेच्या भागात बोअरच्या टँकरवर भागत असेल तर गणित वेगळं. टीडीएस 500 च्या वर गेला तर आरओ घ्याच. नळ आणि टँकर सोसायटीच्या एकाच टाकीत पडत असतील तर टीडीएस मे महिन्यात, टँकरचा वाटा जास्त असताना मोजा, पावसाळ्यातल्या आकड्यावर मशीन ठरवू नका.