लँकेस्टरची आमिश टूर: गाइड आपल्याच गाडीत घ्या, आणि मोठ्या मुलांना सोबत न्या

पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टरला आमिश लोकांचा, म्हणजे वीज-मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, भाग बघायला जाणार असाल तर घोडागाडीच्या राइडवर पैसे घालवायच्या आधी मेनोनाइट लोकांच्या (आमिशांचाच भाऊबंद पंथ) व्हिजिटर सेंटरचा गाइड घ्या, हे माझं स्पष्ट मत. सेंटर रूट ३० च्या जवळच मिलस्ट्रीम रोडवर आहे. गाइड तुमच्याच गाडीत येऊन बसतो आणि दोन तास शेतांमधल्या छोट्या रस्त्यांनी फिरवतो. बस नाही, माइक नाही, पन्नास लोकांची गर्दी नाही, त्यामुळे मनात येईल ते विचारता येतं आणि समोरचा माणूस शांतपणे उत्तर देतो. माझ्याकडून पाचापैकी पाच.

न्यू जर्सीत पाहुणे आले की लँकेस्टरची चक्कर होतेच, रजया बघायच्या, जॅम घ्यायचा, शूफ्लाय पाय (काकवीचा गोड पाय) खायचा आणि संध्याकाळी परत. आम्हीही सासूसासरे आले म्हणूनच गेलो होतो, सोबत आमची नववीतली लेक. मला वाटलेलं वीज का नाही, गाडी का नाही एवढंच ऐकायला मिळेल. ते झालं दहा मिनिटांत. बाकी सगळा वेळ आम्ही एकाच गोष्टीवर बोलत राहिलो, ती म्हणजे इथली मुलं लग्न होईपर्यंत वाढतात कशी, आणि त्याला कारण आमच्या लेकीचे आणि सासूबाईंचे प्रश्न.

गाइडबाई साठीच्या पुढच्या, स्वतः मेनोनाइट, आजीआजोबा आमिश. त्यामुळे त्या बाहेरून बघितलेलं सांगत नव्हत्या आणि उगाच कौतुकही करत नव्हत्या. सुरुवात त्यांनी इतिहासापासून केली. १५२५ च्या सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये काही लोक म्हणाले की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, करण्यात काही अर्थ नाही, माणसाने मोठं होऊन स्वतः ठरवून घ्यावा. त्यासाठी त्यांना बुडवून, जाळून मारलं गेलं. पुढे १६९३ मध्ये त्यांच्यातूनच याकोब अमान यांच्यामागे एक गट वेगळा झाला ते आमिश, आणि अठराव्या शतकात ते पेनसिल्वेनियात आले कारण इथे धर्माची मोकळीक होती. हा इतिहास नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे, मोठं होऊन स्वतः ठरवायचं.

आता त्या मुलांचं. घरात पेनसिल्वेनिया डच बोलतात, म्हणजे जर्मनचीच एक बोली, इंग्रजी शाळेत गेल्यावर शिकतात आणि बायबल जर्मनमध्ये. शाळा म्हणजे एकच खोली, पहिली ते आठवी सगळे एकत्र, आणि शिकवणारी बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांची बिनलग्नाची आमिश मुलगी जी स्वतः आठवीच शिकलेली असते. आम्ही अशा शाळेवरून हळू गेलो, सुट्टी झालेली, मुलं बेसबॉल खेळत होती, कुंपणाला ओळीने स्कूटर लावलेल्या, पायाने ढकलायच्या त्या. इथले आमिश सायकल वापरत नाहीत, स्कूटर चालते. गाइडबाईंनी गाडी थांबवू दिली नाही, म्हणाल्या मुलांना बघायला थांबणं बरं नाही. मला हे फार आवडलं. फोटो तर अजिबात नाही, चेहऱ्याचा फोटो म्हणजे मूर्ती आणि गर्व दोन्ही असं ते मानतात, खेळातल्या बाहुल्यांनाही बऱ्याचदा चेहरा नसतो.

आठवीनंतर शाळा संपली. मग पंधरा वर्षांचं होईपर्यंत आठवड्यात तीन तासांचा वर्ग आणि बाकी वेळ शेत, गोठा, सुतारकाम, मुलींना घर, बाग आणि लहान भावंडं. सहा-सात मुलं असणं साधी गोष्ट आहे. कमावलेले पैसे बहुतेक घरांत आईवडिलांकडे जातात. हे कायद्यात बसतं कसं असं माझ्या नवऱ्याने विचारलं तर त्यांनी १९७२ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, विस्कॉन्सिन विरुद्ध योडर, त्यात कोर्टाने म्हटलं की आठवीनंतर शाळेची सक्ती आमिश मुलांवर करता येणार नाही. आणि २००४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून चौदा वर्षांपुढच्या मुलांना लाकूडकामाच्या कारखान्यात मोठ्यांच्या देखरेखीखाली काम करायची सूट दिली.

सोळा पूर्ण झाली की रुमश्प्रिंगा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीची तरुणपणातली मोकळीक. टीव्हीवर ह्याचं जे दाखवतात, दारू पार्ट्या मोटारी वगैरे, ते काही मुलं करतात असं त्या सरळ म्हणाल्या, पण बहुतेकांसाठी ह्याचा अर्थ शनिवार-रविवार आपल्या वयाच्या गटाबरोबर घालवायचा. ह्या गटांना इथे गँगच म्हणतात. कोणत्या गँगमध्ये जायचं ते मुलं ठरवतात, काही गँग आईवडिलांच्या नजरेखाली असतात आणि काही बऱ्याच सैल. रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात सिंगिंग असतं, लांब टेबलाच्या एका बाजूला मुलं दुसऱ्या बाजूला मुली, भजनं म्हणायची, मग खाणंपिणं गप्पा, आणि जमलं तर मुलगा मुलीला बग्गीतून घरी सोडतो. इथे सासूबाईंनी विचारलं की मग लग्न ठरवतं कोण. मुलंच ठरवतात. आईवडील स्थळ आणत नाहीत. जुन्या पद्धतीत तर कोण कुणाबरोबर फिरतंय हे शेवटपर्यंत गुपित ठेवायचे, आणि ऑक्टोबरच्या शेवटी चर्चमध्ये नावं जाहीर झाली की मग गावाला कळायचं. कुणाच्या मळ्यात सेलरी (जाड देठांची भाजी) जरा जास्तच लावलेली दिसली की शेजारपाजारी ओळखायचे, कारण लग्नाच्या जेवणात ती भरपूर लागते. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या कडक लोकांत हे बरं चालतं!" आणि खरं सांगते मलाही तेच वाटलं.

पण लग्न करायचं तर आधी दोघांचा बाप्तिस्मा झालेला हवा, आणि इथेच सगळी मेख आहे. बाप्तिस्मा म्हणजे मंडळीसमोर आयुष्यभराचं वचन. त्याच्या आधी कुणी सोडून गेलं तर आईवडील दुःखी होतात पण औपचारिक बहिष्कार नसतो, जाणं-येणं, जेवणं सगळं चालू राहू शकतं. वचन दिल्यावर सोडलं तर मात्र बहिष्कार, एका टेबलावर जेवायचं नाही, हातातून वस्तू घ्यायची नाही. सासरे म्हणाले "म्हणजे वाळीत टाकणं", आणि मग त्यांनी गाइडबाईंना जातपंचायतीचं सांगितलं, महाराष्ट्रात २०१६ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला तेही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की इथे हे धर्मस्वातंत्र्यात धरलं जातं, आणि गुडघे टेकून माफी मागितली की परत घेतात.

मग माझ्या लेकीने विचारलं, एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर? मला वाटलं बाई विषय बदलतील. त्या म्हणाल्या, तिला बाप्तिस्म्याच्या आधी बाहेर पडावं लागेल, मग हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा, मग कॉलेज, आणि काहींकडे तर सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकसुद्धा नसतो, सुरुवात तिथून करायची. आणि हे सगळं आई, बहिणी, मैत्रिणी, भाषा सोडून. ८५ टक्क्यांहून जास्त मुलं आतच राहतात ते बहुतेक वेळा आनंदाने राहतात असं त्यांचं मत, पण दार उघडं असणं वेगळं आणि त्यातून बाहेर पडायला पायात बळ असणं वेगळं, हे त्यांना मान्य होतं.

घरी आल्यावर मी तो १९७२ चा निकाल शोधून वाचला. त्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलंय की आईवडिलांचा धर्म ऐकला, पण मुलांना काय हवंय तेही विचारायला हवं. मला ते शंभर टक्के पटतं. ज्या लोकांच्या पूर्वजांनी मोठं होऊन स्वतः ठरवायच्या हक्कासाठी जीव दिला, त्यांच्या मुलांना ठरवायच्या वेळी हातात आठवीपेक्षा जास्त काही असायला हवं. बाकी त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटला, म्हाताऱ्यांना कुणी एकटं सोडत नाही, कोठार जळलं तर शेजारी येऊन परत बांधून देतात. आदर वाटतो म्हणूनच त्या मुलींसाठी जीव तुटतो.

लग्नाबद्दल अजून थोडं, कारण सासूबाईंना तेच सगळ्यात जास्त आवडलं. लग्नं सुगी झाल्यावर, बहुतेक मंगळवारी किंवा गुरुवारी, मुलीच्या घरी, तीनशे-चारशे माणूस. अंगठी नाही. नवरीचा ड्रेस बहुतेक वेळा निळा, आणि त्यावरचा पांढरा एप्रन लग्नानंतर जपून ठेवतात, ती गेली की तोच अंगावर घालतात. सासूबाई म्हणाल्या आपल्याकडे सवाष्ण गेली की हिरवं लुगडं नेसवतात तसंच हे. पुरुष लग्नानंतर दाढी वाढवतात, मिशी मात्र नाही, त्यामुळे रस्त्यात लग्न झालेला कोण ते लांबूनच कळतं.

जे आवडलं नाही ते मेनोनाइट सेंटरचं नाही, दुसऱ्या ठिकाणचं. दुपारी हायवेवरच्या एका ठिकाणी घोडागाडीत बसलो, गाडीवान घाईत होता आणि मुलांच्या रुमश्प्रिंगाबद्दल अचकट विचकट किस्से सांगत होता, माझी मुलगी शेजारी बसलेली. एका दुकानात आमिश म्हणून विकत असलेल्या टोपल्यांवर भलत्याच देशाचं लेबल निघालं. रजई किंवा लोणची घ्यायची तर शेतावरच्या पाटीवरून आत जा, पैसे थेट त्या घराला मिळतात.

जाणाऱ्यांसाठी: गाइड आधी फोन करून ठरवा, आणि गाडीत त्याच्यासाठी एक सीट रिकामी ठेवा, सहा जण असाल तर सात सीटची गाडी लागेल. रविवारी जाऊ नका, आमिश दुकानं बंद असतात. नोव्हेंबरात मंगळवार-गुरुवारीही काही बंद सापडू शकतात, मालकच लग्नाला गेलेले असतात. थोडी कॅश ठेवा. दहा-बारा वर्षांच्या आतली मुलं कंटाळतील, त्याहून मोठी असतील तर नक्की न्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या, बाई कुठल्याच प्रश्नाला टाळत नाहीत.