कॉलेजच्या रानातला डिस्क गोल्फ: नऊ महिने खेळल्यानंतर

मार्चमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा झाडांवर पानं नव्हती. टीवर, म्हणजे पहिली फेक करतो त्या जागी, उभं राहिलं की बास्केट सरळ दिसायचं, त्यामुळे कोर्स सोपा वाटला. मे उजाडला, रान दाटलं, आणि तोच कोर्स पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला.

मी नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटच्या बाजूला राहते. घराजवळच्या कॉलेजच्या वसतिगृहांमागे उतारावर पाईन आणि ओकचं रान आहे, त्यात 18 बास्केट. पैसे पडत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी मी आणि मुलगा तिथे असतो.

खेळ नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: टीवरून डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारखी चकती, फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेक, आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटात कमीत कमी फेकींत पोचायचं. हे साखळ्यांचं बास्केट एड हेड्रिक यांच्या डोक्यातून आलं. त्यांनीच 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह इथे पहिला कायमचा कोर्स आखला.

माझी पहिली चूक खरेदीतली. लांब जाते म्हणून डिस्ट्रॉयर नावाची डिस्क घेतली. डिस्कवर चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीला वळणं आणि शेवटी कलणं. डिस्ट्रॉयरचे 12, 5, -1, 3. वेग 12 म्हणजे ती तेवढ्या जोरात सुटली तरच नीट उडते. माझ्या हातात तेवढा जोर नाही, म्हणून ती दरवेळी डावीकडे कोसळून झुडपात जायची. डिस्कचा दोष नाही, ती मोकळ्या मैदानाची डिस्क आहे. इथे टीसमोर दोन झाडांमध्ये जेमतेम अडीच मीटरची फट असते आणि बहुतेक बास्केट 200 ते 300 फुटांवर. लांब फेकण्यापेक्षा त्या फटीतून डिस्क बाहेर काढणं महत्त्वाचं.

जूनमध्ये वेगवान ड्रायव्हर (लांब पल्ल्याच्या डिस्क) घरी ठेवले आणि फक्त तीन डिस्क पिशवीत ठेवल्या: जवळच्या फेकीची एव्हिअर पुटर (2, 3, 0, 1), मधल्या पल्ल्याची बझ मिडरेंज (5, 4, -1, 1) आणि कमी वेगाचा ड्रायव्हर लेपर्ड (6, 5, -2, 1). सुरुवातीला प्रत्येक फेरीत पारच्या, म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फेकींच्या, वर 25-30 जायचे. ऑगस्टपर्यंत 12 वर आले. वेग कमी असला की डिस्क झाडावर आपटली तरी जवळच पडते, पुढची फेक वाया जात नाही. नवख्यांना माझं सांगणं एवढंच आहे: पहिले तीन महिने पुटर आणि मिडरेंजच घ्या, टीवरूनसुद्धा.

प्लास्टिकबद्दल. माझी एव्हिअर स्वस्तातल्या डीएक्स प्लास्टिकची. पाईनच्या खोडांवर आपटून चार महिन्यांत तिच्या कडा खरवडल्या गेल्या, आणि आता ती पूर्वीपेक्षा उजवीकडे जास्त वळते. मला ते आवडतं, उजवीकडे वाकणाऱ्या सातव्या होलला (टी ते बास्केट हा एक होल) मी तीच वापरते. स्टार प्लास्टिकची लेपर्ड मात्र अजून जवळपास नव्यासारखी उडते. महाग आहे, पण रानात खेळणार असाल तर ड्रायव्हर तरी चांगल्या प्लास्टिकचा घ्या. रंग गुलाबी किंवा आकाशी. हिरवी डिस्क उन्हाळ्यात सापडत नाही आणि केशरी ऑक्टोबरच्या पाचोळ्यात.

पॉयझन आयव्हीची गंमत समजू नका. तीन-तीन पानांचा हा वेल फेअरवेच्या, म्हणजे टी ते बास्केटमधल्या मोकळ्या वाटेच्या, कडेला सगळीकडे आहे. आंबा, काजू आणि आपला बिब्बा ज्या कुळातले, त्याच कुळातला. माझ्या मनगटावर तो उतला तेव्हा आजीचा उतलेला बिब्बाच आठवला, तसेच फोड, तशीच आग. त्याचं तेल डिस्कलाही चिकटतं, म्हणून घरी आल्यावर हात आणि डिस्क दोन्ही साबणाने धुते. लांब पँट घालाच, गोचिडीही आहेत. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने चाचपून बघा, इथे विषारी कॉपरहेड साप असतात.

तक्रारी आहेत. सहा टी नुसत्या मातीच्या आहेत, आणि पाऊस पडला की इथली लाल चिकणमाती साबणासारखी होते. जुलैमध्ये मुलगा तिथेच घसरला, गुडघा आठवडाभर सुजला होता. अकराव्या होलचा फेअरवे पायवाटेला आडवा जातो आणि टीवरून पायवाट दिसत नाही. कानात हेडफोन घालून मुलं धावत असतात. आम्ही एकाला पुढे उभं करतो आणि मगच फेकतो. साधा इशाऱ्याचा फलक लावला तरी चालेल, पण नऊ महिन्यांत लागलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिलला विन्थ्रॉप युनिव्हर्सिटीत गेलो होतो. तिथे 1999 पासून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होते. तळ्याकाठचा मोकळा कोर्स, खेळाडूंच्या फेकी बघून डोळे दिपले. तोही कॉलेजचाच कोर्स, पण तिथे भीती पाण्याची आणि हद्दीच्या दोऱ्यांची. परत आल्यावर मला आमच्या रानातली शांतता जास्त प्रिय वाटली. सकाळी सातला तिथे फक्त सुतारपक्षी आणि साखळ्यांचा आवाज असतो.

डिस्कच्या मागे मार्करने फोन नंबर लिहून ठेवा. जुलैत हरवलेल्या माझ्या पहिल्या लेपर्डबद्दल गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. झुडपं वाळल्यावर चौदाव्या होलच्या ओढ्यात तिला ती दिसली होती. शनिवारी ती घ्यायला गेले, आणि आम्ही तिघं मिळून एक फेरी खेळलो.